सत्काराच्या शालीची वाटणी

मी, पिराजी धर्माजी मेत्रे, वय छप्पन्न, संस्कृतचा शिक्षक, राहणार चिटगुप्पा, पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर हल्ली दोन घोटांत संपणारा चहा कागदी कपात देतात, याबद्दल प्रथम तीव्र निषेध नोंदवतो. शरीर नश्वर आहे हे जन्मभर शिकवून पगार घेतला. तेव्हा पुढचे लिहिणे भाग आहे.

एक. राहते घर व बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा बुद्धरत्न यास. तो चार वर्षांच्या भरतीत फौजेत आहे. त्याची आई राजश्री हयात नाही. सबब दुसरा वाटेकरी नाही, आणि भांडायलाही कुणी नाही.

दोन. तो निघाला तेव्हा गावाने उघड्या जीपमधून मिरवणूक काढली आणि शाल मला पांघरली. माणिकअण्णा हुलसूरे माइकवर म्हणाले, "सरांनी देशाला पोरगा दिलाय!" पुढे त्यांची मुलगी पंचशीला हिला बुद्धरत्नसाठी मागणी घालायला गेलो. अण्णांनी पोहे दिले.

"पोरगा सोन्यासारखा हाय सर. पण चार वर्षांनी काय करतो? पर्मनंट न्हाई की."

"अण्णा, देशानं घेतलाय त्याला. तुम्ही कामून मागं सरायलाव?"

"देशाला पोरगी न्हाई सर. मला हाय."

उत्तर बिनतोड होते. तरी ती शाल माणिकअण्णांना द्यावी. धुऊन द्यावी.

तीन. अंगणातला लोखंडी बार गल्लीतल्या पोरांना. भरतीच्या तयारीला ती त्यावर लटकतात. अट एकच: नव्या पोराला आधी विचारावे, "तू जायलास, का घरचे धाडायलेत?" उत्तर कोणतेही असो, बार वापरू द्यावा.

चार. माझ्या अंत्यविधीत भाषण नको. बुद्धरत्नला रजा मिळाली नाही तर थांबू नये, आणि त्याला कुणी बोल लावू नये.

पाच. फोनवर तो विचारतो, "पप्पा, जेवलाव का?" मी "व्हय" म्हणतो. तो "मी बरा हाय" म्हणतो. आम्ही दोघेही चौकशी वाढवत नाही.

लोकांना वाटते, मला सरहद्दीची काळजी आहे. ती आहेच. पण जास्त भीती त्याच्या परतण्याची वाटते. ज्या गावाने वाजतगाजत धाडले, त्याच गावात बॅग घेऊन उतरायची त्याला लाज वाटेल आणि तो दुसऱ्याच कुठल्या शहरात राहून जाईल. मी आहे तोवर स्टँडवर जाऊन त्याला घरी आणीन. माझ्यामागे कोण जाईल, मला ठाऊक नाही.

हे वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली.

साक्षीदार: शिवशंकरप्पा, औषध दुकानदार (सही)
लिंगम्मा, शेजारीण (अंगठा)

पिराजी धर्माजी मेत्रे (सही)
चिटगुप्पा, १७ नोव्हेंबर २०२५