गप्प घराची फाइल

मंगळवार, ४ मार्च

पुढच्या गुरुवारी व्याख्यान. विषय दरवर्षीचाच — ‘राज्यशास्त्र घेऊन पुढे काय?’ प्राचार्य म्हणाले, यंदा जरा उत्साहाने बोला, प्रवेश कमी झालेत. स्टाफरूममध्ये अर्थशास्त्रवाले मास्तर हसले. “आमच्या पोरांना बँक आहे. तुमच्या पोरांना काय — माईक?”

मी मनात म्हटलं, हसा! माझ्या घरात दोन उदाहरणं आहेत. लेक परराष्ट्र खात्यात अधिकारी. पुतण्या निवडणूक निरीक्षक, सध्या परदेशात. लहानपणी आळीतली भांडणं हाच सोडवायचा, म्हणून घरात सगळे त्याला ‘सभापती’ म्हणतात. दादा गेले तेव्हा तो चौथीत होता. पुढे वहिनींसह या घरातच राहिला, वाढला, माझ्याच वर्गात शिकला. निरीक्षकाच्या नोकरीची जाहिरात मीच कापून त्याच्या हातात दिली होती.

मी स्वतः जग पाहिलं ते गावच्या शाळेतल्या नकाशावर. त्याचा एक खंड वाळवीने खाल्ला होता. सभापती आज त्याच खंडात आहे.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी त्याच्या संस्थेचा फोन आला. मतमोजणीनंतर परतताना नाक्यावर यांची गाडी अडवली. बंदूकवाल्यांनी तिघांना उतरवून नेलं. एक निवृत्त न्यायाधीश, एक दुभाषी, आणि आपला सभापती. तिघेही आपल्याच देशाचे.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांना सांगितलं. त्या निवडतच राहिल्या, नंतर पाहिलं तर देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात.

लेक घरी आली ती चेहरा धुऊन आल्यासारखी. वहिनी धावल्या. “काय कळलं गं तुला?” ती म्हणाली, “काकू, ऑफिसमधलं मला घरी बोलता येत नाही.” वहिनी तिचा हात सोडेनात. शेवटी मीच मध्ये पडलो. म्हटलं, तिने शपथ घेतली आहे. या घरात तिला कोणी काही विचारायचं नाही. मीसुद्धा नाही.

लेक माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, ७ मार्च

फोन नाही.

रविवार, ९ मार्च

खात्याचे एक साहेब घरी आले. फार सभ्य माणूस. बूट बाहेर काढून आले, पाणी अर्धंच प्यायले. “वर्तमानपत्रांशी बोलू नका. कुठे निवेदनं देऊ नका. पडद्याआड बोलणी चालू आहेत. गाजावाजा झाला की त्यांची किंमत वाढते.”

हे मला नवीन नाही. वीस वर्षं हेच शिकवतोय — जे गाजतं ते राजकारण, जे गप्प राहून होतं ती मुत्सद्देगिरी. साहेब गेल्यावर वहिनींना समजावलं. म्हटलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी.”

त्या म्हणाल्या, “आणि मुठीत माझं पोर आहे, भावजी.”

संध्याकाळी देवासमोर बसलो. नाम घेताना मध्येच लक्षात आलं की मी देवालाही हळू आवाजात सांगतोय.

मंगळवार, ११ मार्च

आज बातमीदार आला. माझाच जुना विद्यार्थी, सभापतीच्या दोन वर्षं पुढे होता. वर्गात मागच्या बाकावर बसून टोमणे मारायचा. आता मोठ्या वर्तमानपत्रात आहे. टोमणे तसेच.

“सर, तुम्ही एकटेच कसे हो गप्प? न्यायाधीशांची सून आणि दुभाष्याची बायको खात्याच्या फाटकासमोर बसल्यात. फोटो घेऊन. कालपासून कॅमेरे हलले नाहीत तिथून.”

म्हटलं, ज्याचं त्याचं मत.

तो खुर्ची ओढून जवळ आला. “सर, ओरडा. मी पाया पडतो तुमच्या. आत कसं चालतं माहीत आहे का? ज्या घराचा गोंगाट त्याची फाइल वर. गप्प घराची फाइल खाली सरकते. कोणी मुद्दाम करत नाही. सरकते आपोआप.”

“तुला कोणी सांगितलं?”

“ते विचारू नका.”

“मग मी काय समजू?”

“समजा की ज्याला माहीत आहे त्याने सांगितलं.”

मला राग आला. म्हटलं, माझी लेक त्या इमारतीत बसते. काही असतं तर मला कळलं असतं. तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं आणि मिटलं. चहा तसाच राहिला. निघताना मी बोलू नये ते बोललो — “तुला बातमी पाहिजे, माझा मुलगा नको.” माझ्या तोंडून पुतण्या नाही, मुलगा आलं.

तो दारात म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलंत ना?” आणि गेला.

रात्री जेवताना लेकीला सगळं सांगितलं. जरा ताठ मानेनेच सांगितलं. तिचा घास हातातच. “काय म्हणालात तुम्ही त्याला?” पुन्हा सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणाली. ताट सारून उठली. तिला बापाचा अभिमान वाटला असावा. भरून आलं असेल.

गुरुवार, १३ मार्च

व्याख्यान दिलं. प्राचार्य नको म्हणत होते. मीच म्हटलं, देतो.

फळ्यावर लिहिलं — परराष्ट्र सेवा. प्रशासन. आंतरराष्ट्रीय संस्था. मदतकार्य. पत्रकारिता. संशोधन. पक्षाचं काम. अध्यापन. प्रत्येकासमोर परीक्षा कोणती, भाषा किती लागतात, वय काय. खडू दोनदा तुटला. एरवी ‘आंतरराष्ट्रीय संस्था’ म्हटलं की मी सभापतीचं नाव घेतो. आज पुढच्या ओळीवर गेलो. सगळ्या वर्गाच्या लक्षात आलं. एवढी शांतता माझ्या तासाला कधी नसते.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. “सर, घरचे म्हणतात, यातली सुरक्षित वाट कोणती ते विचारून ये.”

म्हटलं, “खुर्चीची.”

कोणी हसलं नाही. ती तशीच उभी. “आणि सर, चांगली?”

घंटा झाली. देवाची कृपा, दुसरं काय!

रविवार, १६ मार्च

सकाळी वहिनी चपला घालून दारात. छातीशी सभापतीचा फोटो, पदवीदानाचा. “मी फाटकावर जाऊन बसते. त्या दोघींच्या शेजारी.”

मी आडवा आलो. म्हटलं, तिथे कॅमेरे तुम्हाला विचारतील, घरचं कोणी खात्यात आहे का? मग पोरीच्या नोकरीचं काय? बोलणी फिसकटली तर?

“रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, भावजी.”

“थोडा धीर धरा. माझं ऐका.”

त्या उंबऱ्यावरून मागे आल्या. मग चपला काढल्या. “तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता म्हणून.”

लेक आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहून मान हलवली — काळजी करू नको, मी आहे, अशा अर्थाने. तिने दार लावून घेतलं.

गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, हाताची घडी, तोंडावर बोट. जो जास्त वेळ बसेल तो शहाणा. मला बक्षीस मिळायचं. पेन्सिल.

मंगळवार, १८ मार्च

सुटले! — न्यायाधीश आणि दुभाषी. विमानतळावर हार, कॅमेरे. न्यायाधीशांची सून त्यांच्या गळ्यात पडून रडतेय, सगळ्या वाहिन्यांवर.

बातमीत शेवटी एक वाक्य — तिसऱ्या निरीक्षकाबाबत प्रयत्न सुरू आहेत. नाव नाही.

वहिनी टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्या दोघांसाठी त्यांनी हात जोडले. खरोखर मनापासून जोडले. मग माझ्याकडे वळून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १९ मार्च

मी आणि वहिनी फाटकावर गेलो. फोटो घेऊन. सतरंजी घेऊन.

कोणी नव्हतं. फाटकावरचा पोलीस चांगला होता. “काका, उशीर केलात. काल सगळे विमानतळावर गेले. आता इकडे कोण फिरकत नाही.” तरी बसलो. ऊन डोक्यावर आलं. खात्यातली माणसं जेवायला बाहेर पडली, आमच्याकडे बघून रस्ता ओलांडत होती. लेकही बाहेर आली. तिने रस्ता ओलांडला नाही. गळ्यातलं ओळखपत्र न काढता सरळ येऊन सतरंजीवर काकूंच्या शेजारी बसली. सगळ्यांसमोर.

म्हटलं, “अगं, नोकरी!”

ती म्हणाली, “बसू द्या हो बाबा.”

बातमीदाराला फोन केला. लगेच आला. एकही टोमणा मारला नाही. त्याने लिहिलं, आतल्या पानावर आलं.

शनिवार, २२ मार्च

आजही बसलो. आम्ही तिघं आणि पोलीस.

सोमवार, २४ मार्च

गेला.

मंगळवारीच गेला म्हणे, ते दोघे सुटले त्याच दिवशी. तिकडच्यांना दोघांत मिटवायचं होतं, तिसऱ्याची कोणी मागणी लावून धरली नव्हती. हे दुभाष्याने येऊन सांगितलं. वहिनींच्या पायांशी बसून सांगितलं. सभापती ताटातूट होईपर्यंत पाणी वाटून देत होता, कोणाला किती ते ठरवत होता. वहिनी म्हणाल्या, “त्याला सवयच होती.”

देवासमोर बसलो.

गुरुवार, २७ मार्च

प्राचार्यांचा निरोप. ती प्रश्न विचारणारी मुलगी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला नाव देऊन गेली. राज्यशास्त्रच.

रविवार, ३० मार्च

आज लेकीला पहिल्यांदा विचारलं. “तुला माहीत होतं?”

“सगळं नाही. आपली फाइल खाली चाललेली दिसत होती.” ती भांडी पुसत होती. हात थांबला नाही. “म्हणून तर त्या बातमीदाराला तुमच्याकडे पाठवलं होतं, बाबा.”