सोनियाला भूक लागली

उत्रोली, ता. भोर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

सौ. सुलक्षणा विहीणबाई यांना ठकुबाईचा नमस्कार.

किकवीला तुमी सगळी खुशाल असाल. हितं आमी बरी हावोत. भाताची झोडणी उरकली, औंदा इंद्रायणी चांगली उतरली. तुमच्या जावयाची, स्वरूपची, रातपाळी बंद झाली, आता दिवसाच कंपनीत जातो. म्हस व्याली, रेडी झाली. माझी शाळा सातवीपतूर, तीबी लई वर्सांमागची, तवा अक्षराला हसू नका.

गौरीच्या सणाला तुमी आला व्हता. दारातच सोनियाकडं बघून म्हणाला, "माझ्या पोरीला उपाशी मारताय व्हय तुमी?" सगळी आळी ऐकत व्हती. घोटभर पाणी न घेता तुमी माघारी गेला, त्यानंतर माझा फोन काय उचलत न्हाई. मला राग न्हाई. माझी लेक असती आन म्या तिला तसली बघितली असती, तर म्या दगूड उचलला असता.

त्या दिशी मी गप ऱ्हायले, कारण आत सोनिया हात जोडून उभी व्हती. तुमाला कळू नये म्हणून. ती मला आत्या म्हणती, तुमाला ठाऊक हाय. परवा तीच म्हणाली, "आत्या, तुम्ही लिहा आईला. माझ्या तोंडातून निघत नाही." म्हणून लिवायला बसले.

विहीणबाई, सोनियाला जेवणाचा आजार हाय. पोटाचा न्हाई, मनाचा. घरात भरलेली कणगी असून खाता येत न्हाई, खाल्लं तर गुन्हा केल्यागत वाटतं, असा आजार.

मला तरी कुठं कळलं व्हतं? लगीन होऊन आली तवा सोमवार, गुरवार, शनवार, चतुर्थी, सगळे उपास. म्या आळीत सांगायची, सून लई देवभोळी मिळाली. सगळ्यांना वाढायची आन म्हणायची, "तुम्ही बसा, मी नंतर बसते." ते नंतर कधी आलंच न्हाई. वैशाखात स्वेटर घालून बसायची. न्हाणीत केसाचे पुंजके. पाळी चुकली तवा शेजारची फुलाबाई पेढे मागायला आली, पोरगी आत जाऊन रडली.

लावणीच्या टायमाला चिखलातच पडली. भोरला सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, मला बाहेर बसवलं, तिच्याशी लई वेळ बोलल्या आन म्हणाल्या, "पुण्याला न्या, आजच. हृदयावर ताण आलाय." टेम्पोत माझ्या मांडीवर डोकं ठेवून नेली तिला. पाखरावानी हलकी. विहीणबाई, त्या वाटंत म्या तुमची लई आठवण काढली. वाटलं, काय तोंड दावू हिच्या आईला?

तवा तिनं तुमाला फोन केला की स्वरूपच्या मावशीकडं ऱ्हायला आलेय. ते खोटं व्हतं. ती दवाखान्याच्या खाटंवर व्हती.

पुण्यात मनाचे डॉक्टर आन आहार सांगणाऱ्या बाई, दोघं मिळून बघतात. म्या डॉक्टरांना इचारलं, "दृष्ट काढू का?" ते हसले न्हाईत. म्हणाले, "काढा आजी. पण नंतर तिच्या शेजारी बसून जेवा. बळजबरी नको, रागावू नका, ताटाकडं टक लावू नका. इकडचं तिकडचं बोला." तवापासनं आमी दोघी संगं बसतो. आधी म्या म्हशीचं बोलायची, गावाचं बोलायची, आन ती एक घास घिऊन भिताडाकडं बघायची. कवा ताट ढकलून उठायची. स्वरूप येकदा चिडला, "दोन घास गिळायला काय होतंय?" त्यालाबी डॉक्टरांनी बोलवून घेतलं. आता तो सुट्टीच्या दिशी सोता भाकरी थापतो. नकाशावानी होत्यात, पण ती हसून खाती.

आता येक गोष्ट लिवायची राहिली. ती टाळून म्या म्हशीचं लिवत बसले.

हे आमच्याकडं येऊन झालेलं न्हाई. बारावीत असल्यापासनं हाय. डबा शाळेत वाटून टाकायची, घरी रिकामा आणायची. तुमी कौतुक करायचा, पोरीचा बांधा कसा राखलाय म्हणून. म्हणून सांगायला भीत व्हती, का आईला वाटंल आपल्यामुळं झालं. म्या डॉक्टरांना हेबी इचारलं. ते म्हणाले, "कुणा एकाच्या बोलण्यानं हा आजार होत नाही. आईला दोष देऊ नका, आईला सोबत घ्या." हे दोनदा वाचा विहीणबाई. म्या तुमाला बोल लावायला लिवत न्हाई, बोलवायला लिवते.

दिवाळीत मधीच बिघडलं, पाव्हण्यांत कुणीतरी म्हणालं, "अंगानं भरलीस गं," आन दोन दिस पोरीनं तोंड बांधलं. डॉक्टर म्हणाले, असं व्हणार, घाबरू नका. पुन्हा सावरली. पाळी आली. म्हयन्यातनं येकदा पुण्याला जातो, मधी त्या आहाराच्या बाई मोबाईलवर बोलतात.

आन परवा झोडणीला आमी खळ्यावर व्हतो. ती पेंढा रचत व्हती. येकदम थांबली आन मला म्हणाली, "आत्या, मला भूक लागली." विहीणबाई, दोन वर्सांत ह्या घरात तिच्या तोंडनं हे ऐकलं नव्हतं. म्या फडकं सोडलं, भाकरी आन घेवड्याची भाजी तिच्या हातावर ठिवली आन तोंड फिरवून पदरानं डोळं पुसलं. ती म्हणाली, "भुस्सा गेला का डोळ्यात?" म्या म्हणलं, व्हय.

तुमी या. आल्यावर बारीक झालीस म्हणू नका, भरलीस म्हणू नका. रेडीचं नाव काय ठिवायचं ते इचारा. आळीत कोण काय म्हणंल ते म्या बघून घेते.

स्वरूप कंपनीतनं सुटल्यावर वाट वाकडी करून हे पत्र तुमच्या हातात दील. त्याला दारातनं माघारी धाडू नका, लेकरू भिऊन येतंय.

तुमच्या लेकीची दुसरी आई,
ठकुबाई

ता. क. खाली सोनिया लिवतीय. म्या वाचणार न्हाई.

आई,
आत्यांनी लिहिलं ते सगळं खरं आहे. मला तुझा राग येत होता. तो मी डॉक्टरांजवळ बोलले, खूप रडले, आणि आता तो नाही. आता फक्त तुझी आठवण येते. अजून काही दिवस मला जड जातात, तेव्हा तू जवळ असावीस असं वाटतं.
येताना काही करून आणू नकोस. नुसती ये.
तुझी,
सोनी