बान नाखामचा तरवा

प्रिय लुंग मेंग,

फार वर्षांनी लिहितेय, आणि तेही हाताने. तुमच्या सूनबाई म्हणाल्या की फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुम्ही मुद्दाम वाचत नाही. ‘मुद्दाम’ हा शब्द त्यांचा. माझं कोरियन अक्षर अजून तसंच आहे, शाळकरी पोरीसारखं मोठं मोठं, त्यामुळे चष्म्यावाचूनही चालून जाईल. गुडघे कसे आहेत? इथे ऑफिसात जुनी माणसं अजून तुमची नक्कल करतात, जमिनीवर जेवायला बसताना तुम्ही कण्हायचात ती. बाकीचे सगळे तुम्हाला ‘मेंग सर’ म्हणायचे. मी मात्र पहिल्याच आठवड्यात लुंग, म्हणजे थोरले काका, म्हणायला लागले, कारण माझ्या वडिलांचे थोरले भाऊही तुमच्यासारखेच पानातलं संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत.

मी दमलेय, लुंग. आजारी नाही, काळजी करू नका, नुसती दमलेय. तुम्ही गेल्यापासून आमच्या या लाओ तालुक्याच्या शेती ऑफिसात किती देशांचा अनुभव येऊन गेला याची गणती नाही. एकांनी रबर लावा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी कॉफी, तिसऱ्यांनी आहे ती झाडंच तोडू नका म्हणून विनवलं. सगळी भली माणसं. प्रत्येकजण आपला देश गरिबीतून कसा वर आला ते पडद्यावर दाखवतो. आधी काळी-पांढरी चित्रं, मग रंगीत, शेवटी उंच इमारती. मी भाषांतर करते, मग जेवण, मग आम्ही सगळ्यांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधून त्यांना सुखरूप घरी जा असा आशीर्वाद देतो. ते सूत बाजारातून मीच आणते. दुकानातली बाई आता मला पाहिलं की विचारते, “काय गं मनीचन, या वेळी कुठला देश?” परवा मी म्हटलं, “कोरिया.” तर म्हणाली, “पुन्हा? मागच्या वेळी शिकवलेलं विसरलात का सगळं?”

तर या वेळी तुमचे डॉक्टर ह्वांग आले आहेत. तुमच्याच विद्यार्थ्याचे विद्यार्थी. माणूस तरुण आहे, नम्र आहे, आमची मुरवलेली मासळी नाक न मुरडता खातो. येताना तुमचा अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल घेऊन आले, पानोपानी खुणा केलेल्या. बैठकीच्या खोलीत तुमचा फोटो अजून भिंतीवर आहे, त्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. आमचे तालुकाप्रमुख थान बुनल्युत यांना ते फारच आवडलं.

तुम्ही सुचवलेला कालवा शेवटी झाला. पाणी बान नाखाम गावापर्यंत पोचलं. आता त्या पाण्यावर भाताचं नवं वाण लावायचं, मोकळ्या भाताचं, दुप्पट पिकणारं, आणि नदीपलीकडे विकायचं. त्यासाठी गावाजवळ गिरणी येणार. गिरणीवाल्यांची अट एकच, कालव्याखालचं सगळं रान एकाच वाणाचं हवं, आम्ही रोज खातो त्या चिकट भाताची भेसळ नको. लुंग, यातलं काही खोटं नाही. गिरणी आली तर रस्ता होईल, आणि गावातली पोरं नदी ओलांडून परक्या देशात विटा वाहायला जाणार नाहीत. मी स्वतः ती कागदपत्रं तयार केली, मनापासून केली.

गावची सभा झाली तेव्हा माझी मावशी पा सीदा उभी राहिली. तुम्हाला आठवेल ती, तुमच्या हातावर चिकट भाताचा गोळा ठेवून “बोटांनी खा, पोरा,” म्हणणारी. तुम्ही तेव्हा साठीचे होतात. ती म्हणाली, “भात मोकळा असो की चिकट, पोट भरेल. पण पहाटे भिख्खू दारात आले की त्यांच्या पात्रात घालू काय? मोकळ्याचा मुटका वळत नाही. की पळीने वाढू, लग्नाच्या पंगतीसारखा?” सगळी सभा हसली. मी भाषांतर केल्यावर ह्वांगही हसले, आणि म्हणाले की घरापुरता चिकट भात बाजारातून विकत घेता येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. हात वर करा म्हटलं, सगळ्यांनी हात वर केले. ह्वांगनी लगेच लिहून घेतलं, एकमताने पाठिंबा. मला तिथेच सांगायला हवं होतं की आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, हो म्हणायचं आणि घरी जाऊन आपलं तेच करायचं. पण त्या दिवशी उन्हाने आणि बोलून बोलून माझं डोकं उठलं होतं. आणि खरं सांगू, मलाही वाटलं की या वेळी खरंच हो म्हणाले असतील.

पाऊस लागला. वाफ्यावाफ्यांत भाताच्या रोपांचा तरवा उगवून आला, हिरवागार, पोरांच्या डोक्यावरच्या कापलेल्या केसांसारखा दाट. ह्वांगना दाखवायला मी मोठ्या कौतुकाने गावात घेऊन गेले. विहाराच्या ओसरीवर नव्या बियाण्याची पोती जशीच्या तशी रचलेली होती आणि वर मांजर झोपलं होतं. उगवला होता तो सगळा चिकट भात. पा सीदा शांतपणे म्हणाली, “बियाणं चांगलंय रे बाबा, पुढच्या वर्षी बघू.” ह्वांगचा चेहरा मला बघवेना. त्यांनी तोवर राजधानीत आणि तिकडे सोलमध्येही कळवून टाकलं होतं. थान बुनल्युतनी तर प्रांतप्रमुखांना शब्द दिला होता. त्यांनी हुकूम काढला, सोमवारी कालव्याखालचा सगळा तरवा उपटायचा आणि त्याच चिखलात नवं बी टाकायचं. पथकावर प्रमुख म्हणून माझं नाव, कारण गाव माझ्या आईचं, माझं ऐकतील म्हणून. लावणीच्या तोंडावर तरवा गेला आणि नवं बी उशिरामुळे नाही साधलं, तर त्या गावाच्या घरात वर्षभर भात नाही, ना चिकट ना मोकळा. आणि तो उपटायला पहिली चिखलात मी उतरायचं, पा सीदाच्या वाफ्यात.

बुधवारी त्याची तयारी ठरवायला बैठक झाली. ह्वांगनी पडद्यावर तुमच्या काळातली चित्रं दाखवली. तुमच्याकडे नवं वाण आलं तेव्हा गावंच्या गावं कशी वळली, आणि खाली ओळ होती, शेतकऱ्यांच्या उत्स्फूर्त सहकार्याने. थान बुनल्युतनी हात वर केला आणि अगदी वैतागून विचारलं, “साहेब, हे उत्स्फूर्त कसं करतात तेवढं सांगा. आमची माणसं तर मान डोलावतात नि घरी जाऊन झोपतात. तुमच्या लोकांनी ऐकलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत?” ह्वांग कोरियनमध्ये म्हणाले, “अधिकाऱ्यांनी घरोघरी जाऊन धीराने समजूत घातली.” मग ते माझ्याकडे बघत थांबले, नेहमीसारखे.

आणि मी आमच्या लाओ भाषेत सांगितलं की तेवीस वर्षांचा एक कृषी अधिकारी रबरी बूट घालून एका म्हातारीच्या वाफ्यात उतरला आणि तिने पेरलेला जुन्या वाणाचा तरवा त्याने तुडवला. ती ओरडली नाही. ती खाली बसली, जगलेली रोपं एकेक करून घागऱ्याच्या ओच्यात गोळा केली आणि घरामागे लावली. हा दुसऱ्या दिवशी तिथेही गेला आणि तीही तुडवली. त्या वर्षी नवं वाण भरभरून पिकलं, याला बक्षीस मिळालं. पुढे एका थंड उन्हाळ्यात त्या वाणाला दाणाच धरला नाही. जुनं बी कुणाकडे उरलं नव्हतं, आणि हिवाळाभर ते गाव सरकारी जवावर जगलं. ती म्हातारी तो हिवाळा पार करू शकली नाही. एवढं सगळं मी ह्वांगच्या त्या एका वाक्याचं भाषांतर म्हणून सांगितलं. माझा आवाजही बदलला नाही, इतक्या वर्षांची सवय.

ह्वांग गोंधळले, आपल्या छोट्या वाक्याचं लाओमध्ये इतकं लांबण कसं लागलं म्हणून. त्यांच्याबरोबर सो नावाची मुलगी आहे, तिला आमची भाषा येते. तिने त्यांच्या कानात सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत. नुसतं विचारलं, “बाई, हे तुम्ही कुठून आणलंत?” मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि दोन्ही भाषांत म्हटलं, “हे ह्वांगचं वाक्य नाही, मेंग सरांनीच मला सांगितलं, तो अधिकारी तेच.” थान बुनल्युत उठून त्या फोटोपाशी गेले. मग म्हणाले, “हे खरं असेल तर मी कुणाचा तरवा उपटणार नाही. विहारात जाऊन बसायला मलाही तोंड हवं. पण मनीचनने मनचं रचलं असेल, तर ती उद्यापासून घरी बसेल, आणि सोमवारी माणसं शेतात जातील. मेंग सरांनाच विचारा.” ह्वांगनी मान खाली घालून बरं म्हटलं. ते रविवारी सकाळी तुमच्या सूनबाईंच्या फोनवरून तुमच्याशी बोलणार आहेत. हे पत्र सोच्या हाती देतेय, ती शनिवारी तिकडे उतरेल. ती म्हणाली, “त्यांना सांगणं माझं काम होतं. पत्र नेणं माझी मर्जी.”

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. तो दिवस तुम्हाला आठवत असेल. पा सीदाच्या घरी जेवताना तुम्ही घास हातात धरून थांबलात आणि मला ते सगळं कोरियनमध्ये सांगितलंत. ती बाहेरच्या ओट्यावर बसली होती. ती मला विचारत होती, “काय म्हणतोय तो? भात आवडला नाही का त्याला?” तुम्ही म्हणालात, “मनीचन, याचं भाषांतर करू नकोस. कधीच.” मी तिला म्हटलं, आवडला म्हणतायत. अकरा वर्षं मी तेवढंच सांगत राहिले. लुंग, त्या वाणासाठी मिळालेलं तुमचं पदक मला ठाऊक आहे, त्या पदकामुळे तुमचा मुलगा ज्या खुर्चीत बसलाय तीही ठाऊक आहे. या वयात तुमच्या नावाचं काय होईल याची मला फार काळजी वाटते, आणि तरीही मी बोलले, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. रविवारी ते विचारतील. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला खोटं ठरवणार नाही, मी सांगेन की मी रचलं, आणि सोमवारी नवा पथकप्रमुख पा सीदाच्या वाफ्यात उतरेल. फक्त एवढंच सांगते की आज तुमच्या फोनची वाट बघत ती आणि तिच्या शेजारणी वाफ्यांना पाणी देतायत, कुणीच अजून काही उपटलेलं नाही. तुम्ही बोलायला लागलात की फोन मोठ्या आवाजावर ठेवायला मी ह्वांगना सांगितलंय. सो तिकडे तुमच्याशेजारी बसून प्रश्न कानात मोठ्याने सांगेल, आणि भाषांतरही या वेळी तीच करील. मी नुसती बसून ऐकणार आहे.

काहीही सांगितलंत तरी तुमचीच,
मनीचन