माझ्या तोंडाकडे बघणारा माणूस

बाळ्यास, आजीचा पोटभर आशीर्वाद.

आज मी इतकी खुशीत आहे की गुडघेसुद्धा दुखायचे विसरले! अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. तुझ्या कारखान्यात पत्रा ठोकणारा तो दाढीवाला आठवतो ना? कानांवर घालायची झाकणं तू खर्च नको म्हणून देणं बंद केलंस आणि ज्याचे दोन्ही कान गेले, तो. मी दर रविवारी त्याच्या घरी जाते. तुला सांगितलं नाही. तू म्हणाला असतास, "आजी, कायद्याने मी त्याचं काही देणं लागत नाही, तू कशाला मधे पडतेस?" कायदा मला कुठला कळायला! मी दुसरीतच शाळा सोडली, तीही मास्तरणीच्या मांजरीपायी, पण ते राहू दे.

तर तो आता ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलाय. मी बोलत असते आणि तो टक लावून माझ्या तोंडाकडे बघतो. आपल्या घरात मी तोंड उघडलं की सगळे मोबाइल उघडतात! आज माझ्या विनोदावर तो बायकोच्या आधी हसला. म्हणाला, "आजी, जरा सावकाश, डोळे दमले माझे."

मग त्याने विचारलं, "मालक कधी येणार?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पाठीवरून त्याला काही वाचता येत नाही.

हे पत्र मी धाडणार नाही. मी सांगितलं म्हणून आलास, तर ते येणं माझंच होईल, तुझं नाही.

तुझी वाट बघणारी,
आजी