दुपटी पुढच्या गॅलरीत

विलेपार्ले,
मंगळवार, १७ सप्टेंबर १९५७

ती. आत्यास,
जयंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. दादांचा खोकला उतरला. आज अविधवा नवमी, म्हणून आईच्या नावाने सकाळी खीर-वडे केले. अनंता रविवारी सुखरूप पोचला, त्याची काळजी करू नकोस. तुझी कंबर कशी आहे? शेवंतीला म्हणावं, तेल लावताना फार रगडू नकोस.

पत्रात 'तू' लिहिलंय, ते चुकून नाही. लग्न ठरलं तेव्हा तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, आता आत्याची सासू झाली, 'अहो' म्हणायचं. दोन वर्षं म्हटलं. पण आज मला सासूशी बोलायचं नाही. दादांच्या, माझ्या बापाच्या, सख्ख्या बहिणीशी बोलायचंय.

तू नेहमी म्हणायचीस, बी.एस्सी. होऊन काय दिवे लावलेस, पोळ्या तर जाडच. त्या बी.एस्सी.चं काय झालं ते ऐक.

मुलुंडला पोर झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिची दुपटी काळी पडायला लागली. ओली असताना पांढरी. शेवंतीने सोड्याच्या पाण्यात टाकली की आधी विटकरी, मग शाईसारखी काळी. जितकं धुवावं तितका डाग गडद. शेवंती बादली मोरीत तशीच टाकून बाहेर आली नि म्हणाली, "बाईनू, ह्यां काय बरां नाय हां." तू अंगारा आणलास. उंबऱ्याला लिंबं बांधलीस. आणि चार बायकांच्या देखत म्हणालीस, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. हे हिच्या आईकडचं. तिच्या माहेरचं रक्तच तसं."

माझी आई जाऊन सात वर्षं झाली. ती उठून उत्तर द्यायला येणार नव्हती.

मी तेव्हा बाळंतीण, डोकं बांधलेलं. पण दुसऱ्या दिवशी तू देवळात गेल्यावर मोरीत बसून दोन लंगोट घेतले. एक सोड्यात टाकला, दुसरा लगेच साध्या पाण्यात खळबळून पिळला. सोड्यातला काळा झाला. दुसरा जवळजवळ पांढरा राहिला. मी तिथेच पाटावर बसून हसले. शेवंतीला वाटलं मला वात झाला. अगं, करणी असती तर तिला सोडा नि पाणी यांतला फरक कसा कळला असता?

तेवढ्यात तुझ्या त्या डॉक्टरांनी लघवी तपासली. निळं औषध तापवल्यावर तांबूस झालं, म्हणून त्यांनी साखर सांगितली. तान्ह्या पोरीला मधुमेह. "फार दिवस काढणार नाही, मनाची तयारी ठेवा," म्हणाले. अनंता भिंतीला टेकून उभा होता. तू दारात होतीस. त्याच आठवड्यात तू पोरीला आश्रमात ठेवायची गोष्ट काढलीस. जगणारच नाही ती, मग घरात कशाला, म्हणालीस. मी पोरीला पदराखाली घेतलं आणि दादांकडे निघून आले.

इथे आल्यावर मी माझ्या कॉलेजातल्या माणिकबाईंकडे गेले. त्या आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी एक शब्द न विचारता पोरीच्या लघवीची बाटली हातात घेतली. आधी बेकरीतून यीस्ट आणून त्यात घातलं. साखर असती तर ते फसफसलं असतं. ढिम्म हललं नाही. मग त्यांनी फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. क्षणभर निळा रंग चमकला नि गेला. पुन्हा थेंब, पुन्हा निळं. माणिकबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "जयंती, मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं गं. पोर मरत नाही. मुळीच मरत नाही."

मी तिथे टेबलावर डोकं ठेवून रडले. ते तुला सांगायला हरकत नाही.

तुला समजेल असं सांगते, कारण तुला समजतं हे मला ठाऊक आहे. आपण डाळ खातो, दूध पितो. त्यातल्या प्रथिनांचे पोटात बारीक बारीक तुकडे होतात. त्यातला एक टायरोसिन. शरीर त्याला एका फटक्यात जाळत नाही, पायरी पायरीने मोडतं. प्रत्येक पायरीला एक वेगळं एन्झाइम लागतं, आणि एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. आपल्या पोरीत एका पायरीचं एन्झाइम नाही. म्हणून तिथवर आलेला पदार्थ पुढे मोडत नाही, तो लघवीवाटे बाहेर पडतो. त्याला हवा लागली, सोडा लागला, की तो काळा होतो. एवढंच. तुझ्या माझ्या अंगात रात्रंदिवस अशा हजार पायऱ्या चालू असतात, त्यातली एक चुकली. कुणाची नजर नाही, मागच्या जन्माचं काही नाही. याला नावसुद्धा आहे, अल्कॅप्टोन्युरिया. फार लांबलचक आहे, पण 'शाप' म्हणण्यापेक्षा बरं.

इथवर लिहून मी उठले होते. पोरीला दूध पाजलं, उगाच डबे पुसले. पुढचं लिहायचं टाळत होते.

माणिकबाईंनी जाड पुस्तक काढून पुढचं वाचून दाखवलं. वय वाढतं तसा हा पदार्थ कुर्च्यांत साठत जातो. कानाच्या पाळ्या वरच्या बाजूला निळसर पडतात. डोळ्यांच्या पांढऱ्यात काळे ठिपके येतात. घामाने काखेत कपड्याला डाग पडतात. चाळिशीनंतर पाठ ताठते, गुडघे जातात. पण माणूस म्हातारपणापर्यंत जगतं. पानावर एका बाईच्या कानाचं चित्र होतं. मी ते पान उलटूच देईना. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, बाई."

आत्या, लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी तुझे कान ओढायचे. मी विचारायचे, तुझे कान निळे का? तू म्हणायचीस, बुगड्यांचा रंग लागला. डोळ्यांतले ठिपके म्हणजे काजळ उतरलेलं. तू उन्हाळ्यातही कानावरून पदर घेतेस. तापाने फणफणत असलीस तरी स्वतःचे कपडे स्वतः धुतेस, शेवंतीला हात लावू देत नाहीस. आम्ही सगळे म्हणायचो, आत्याचं सोवळं कडक.

घरी येऊन मी दादांना तुझ्याबद्दल विचारलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आई तिची दुपटी परसात, गोठ्यामागे वाळत घालायची. मला तिकडे जायची बंदी होती. तिचं लग्न होईपर्यंत आईने धास्ती घेतली होती. मला वाटलं, मोठी झाल्यावर ते गेलं असेल." ते गेलं नव्हतं. तू ते झाकायला शिकलीस.

हा दोष उघडा पडायला तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडून आला तर नुसता दडून बसतो. अनंता तुझ्या पोटचा, मी तुझ्या भावाची. तुम्ही दोघा बहीणभावांनीच आमचं लग्न जुळवलंत, घरातली मुलगी घरात म्हणून. तेव्हा या गोष्टीसाठी माझ्या आईच्या माहेरी जायची कुणाला गरज नव्हती. ती बिचारी सांताक्रूझहून नुसती सून म्हणून या घरात आली.

मला राग तुझ्या दुखण्याचा नाही. ते तुझ्याकडून आलं म्हणूनही नाही. राग याचा, की डॉक्टर म्हणाले पोर जगणार नाही तेव्हा तू दारात उभी होतीस. त्या घरात एकट्या तुला ठाऊक होतं की ती जगेल. लग्न करेल, मुलाला जन्म देईल, म्हातारी होईल, सुनेला बोलेल. तू स्वतः पंचावन्न वर्षांची पुढ्यात उभी होतीस, आणि तू गप्प राहिलीस. ती रात्र मी आणि अनंताने कशी काढली, ते तू पाहिलंस.

भीती वाटली असेल. जन्मभर तुला तीच शिकवली. आजीने तुला लपवलं, तू स्वतःला लपवलंस, आणि आता माझ्या पोरीला लपवायला आश्रम शोधलास. मी लपवणार नाही. तिची दुपटी इथे पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला वाळतात. डागांसकट. शेजारच्या वनमालाकाकूंनी विचारलं, "अगंबाई, हे काय?" मी त्यांना टायरोसिनपासून सगळं सांगितलं. अर्ध्यावरच त्या "भाजी करपतेय" म्हणून पळाल्या. आता विचारत नाहीत. पण पोरीला घ्यायला रोज येतात.

आता अनंताचं. तू वाट बघत असशील.

रविवारी आला तो दारातच म्हणाला, "आई म्हणते तू चल. नाशिकच्या आश्रमात पोरीची सोय झालीय."

मी म्हटलं, "आई काय म्हणते ते कळलं. तू काय म्हणतोस?"

"आई म्हणते..."

"अनंता, तू."

लहानपणी हाक मारायचे तशीच मारली. तो आत येऊन बसला. मी त्याला सांगण्यात वेळ घालवला नाही. दोन पेल्यांत पोरीची लघवी घेतली, एकात सोडा घातला. वरून खाली काळं उतरताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. दुसरा पेला तसाच. मग यीस्टचं सांगितलं, मधुमेह नाही म्हणून सांगितलं. त्याने काळा पेला उजेडात धरला. मग म्हणाला, "म्हणजे मरणार नाही?"

"नाही."

"आणि यातलं अर्धं माझं?"

"अर्धं तुझं."

"माझ्याकडे कुठून आलं?"

मी म्हटलं, "ते तुझ्या आईला विचार."

मी एवढंच बोलले, आत्या. पुढचं बोलले नाही, बोलणारही नाही. ते सांगायचा हक्क तुझा आहे. तेवढ्यात पोर ओली झाली. त्याने तिला उचललं, जन्मल्यापासून पहिल्यांदा. दुपटं काढलं आणि ते हातात धरून मला विचारतो, "साध्या पाण्यातच ना?" संध्याकाळी दादा म्हणाले, बहीण वाट बघत असेल. तो म्हणाला, "बघू दे." काल तो इथूनच ऑफिसला गेला, पुढेही इथूनच जाईल.

आज आईचं श्राद्ध झाल्यावर आम्ही पोरीचं बारसं केलं. दादा आधी म्हणाले, "पितृपंधरवड्यात बारसं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांनी म्हणायचं ते आधीच म्हणून झालंय. मग तेच पाळण्याला दोरी बांधायला उठले. आत्या म्हणून कानात नाव सांगायला माणिकबाई आल्या. नाव शुभा ठेवलं.

मी गेल्या सोमवारपासून कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आहे. सकाळची प्रॅक्टिकलं घेते, तोवर शुभा दादांपाशी असते. अनंताचा पगार पुरत नाही म्हणून नाही. मला जे काम येतं ते मी आता सोडणार नाही, म्हणून.

मुलुंडला आम्ही येऊ. तिघं येऊ, दोघं कधीच नाही. पण त्याआधी तू दोन गोष्टी करायच्या. ज्या बायकांसमोर माझ्या आईला बोललीस, त्यांच्यासमोर ते शब्द परत घ्यायचे. आणि अनंताला समोर बसवून डोक्यावरचा पदर मागे करायचा. त्याने काय म्हणायचं ते तो म्हणेल. मला वाटतं, तो तुझे गुडघे चेपायला बसेल. माझा अंदाज चुकला, तर पार्ल्याला ये. इथे तुझं पातळ कुणीही धुईल.

दादांचा आशीर्वाद. बाकी लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही.

शुभाची आई,
जयंती