पंखा मीच बंद केला

वन्सं,

नमस्कार. हे पत्र लिहायची वेळ तुमच्या फोनांनी आणली. तुमचे गुडघे आणि रक्तदाब बरे असावेत, कारण सगळ्या नातेवाइकांना एकामागून एक फोन करायला अंगात बळ लागतं. घरात मयत झालेली असताना वहिनींनी विजेचं बिल वाचवायला पंखा बंद केला, असं तुम्ही सांगत सुटला आहात. पंखा मीच बंद केला. बिलाचा संबंध नव्हता.

तुमचे बंधू शेजाऱ्यांना शिडी उसनी देतानासुद्धा तिच्यासोबत जाऊन बसायचे (शिडी परत येईपर्यंत जेवत नसत). अशा माणसाने डोळे द्यायचं ठरवलं. परोपकाराचा झटका नव्हता तो. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून तयार झालेली नजर वाया जाऊ नये, एवढंच. नजर जात नाही, बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा जातो, हे मी समजावलं. "पडदा तर पडदा, पण घेणाऱ्याला म्हणावं नीट वाच," म्हणाले.

ते गेले त्या दुपारी मी लगेच नेत्रपेढीला फोन केला. तिथल्या बाईंनी बजावलं, की पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद ठेवा. डोळे सुकले तर कुणाच्याच कामाचे नाहीत. आम्ही पोचेपर्यंत सांभाळा.

सांभाळायचं होतं तुम्हा लोकांपासून. भेटायला आलेल्या माणसाला काय बोलावं सुचत नाही, म्हणून तो पंखा लावतो. मी बंद करायची, पुढचा लावायचा. मग तुम्ही आलात. "वहिनी, माणसं घुसमटताहेत की हो!" म्हणत पंखा लावलात आणि कापूस कुणीतरी विसरलं असं समजून उचलून टाकलात. मी तो पुन्हा भिजवून ठेवला आणि बटणांना पाठ टेकून स्टुलावर बसले. ("एकदाही जवळ जाऊन बसल्या नाहीत" हा तुमचा दुसरा फोन.) तिथून मला ते दिसत होते. रडायला उठले असते, तर कुणीतरी पंखा लावला असता.

कारण सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, दादा पुढच्या जन्मी आंधळा जन्मला तर? पुढचं पुढच्या जन्मी बघू म्हटलं, या जन्मी जरा बाजूला सरका. शेवटी डॉक्टर आले, काम करून गेले. तुम्हीच वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "अगंबाई, कळतसुद्धा नाही!" साक्षीदार म्हणून सहीही केलीत. ती बातमी मात्र एकाही फोनवर गेलेली दिसत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. माझ्यातलंही जे कामाचं निघेल ते द्यायचं मी ठरवलं आहे. नुसतं कार्ड भरून भागत नाही, त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरचं म्हणून तुम्हीच उरलात. शिवाय खोलीभर माणसांशी भांडू शकेल असं तुमच्याइतकं दुसरं कोणी नाही. हो म्हणाल ना?

ता. क. २. हो म्हणणार असाल तर त्याचेही फोन करा. सगळ्यांना.

नोंद तुमच्या माहितीसाठी:
दिलं: दोन्ही डोळ्यांचे पारदर्शक पडदे, चांगल्या अवस्थेत.
देणार: पत्नी. साक्षीदार: बहीण.
घेणार: नेत्रपेढीचे डॉक्टर.
परत मिळालं: उशाजवळचा चष्मा. तो माझ्याकडे आहे.