टिकलीने फाडलेली पट्टी

३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेतून सोडवून तू माझ्या माथी मारलेल्या दोन्ही पांढऱ्या उंदीर-लेकी मजेत आहेत. मजेत नाही ती मी. पिंजरा रोज घासते, तरी मुताचा वास डोळ्यांना झोंबतो. काल फिनाइलने धुतला, तर टिकली दिवसभर शिंकत बसली. ढब्बूच्या तळपायांना जाळी टोचून चट्टे पडलेत. प्राणिघरात तुझी पंचवीस वर्षं गेली, तेव्हा आता तूच सांग काय करू.

इकडे वह्या-पुस्तकांच्या बांधणीचं काम डोक्यावर बसलंय. महिनाअखेरीला दोनशे रजिस्टरं द्यायची आहेत. चिकटवायचा सरस गरम राहावा म्हणून खोलीत कोळशाची शेगडी दिवसभर पेटलेली असते, तरी खिडकीच्या फटीतून असा वारा येतो की बोटं आखडतात.

लवकर लिही, नाहीतर दोघींना तुझ्या पत्त्यावर पार्सल करीन. तुझा लोभ असतोच, या वेळी सोबत उपायही असावा.

तुझी,
चिमणी

७ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

फिनाइल आधी फेकून दे. उंदरांची छाती फार नाजूक असते. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. भुसा नको. तुझ्याकडे कागदाच्या कातरणीचा डोंगर असतो, तीच अंथर. जाळीवर पुठ्ठा घाल, वर जुन्या कापडाचा झोपाळा बांध. आणि सगळं एकदम धुऊ नकोस. मूठभर जुनी कातरण ठेव, म्हणजे त्यांना घर आपलंच वाटेल. लहानपणी तुझी गोधडी धुतली की तू थयथयाट करायचीस, तसंच त्यांचं.

मुख्य म्हणजे वारा. वाऱ्याच्या झोतात उंदीर आठवडाभरही टिकत नाही. ती फट आजच बंद कर. चिकटवण्यात तुझा हात कोण धरणार?

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद नेहमीचेच, काळजी मात्र ताजी.

ताई

१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिंजऱ्याचा महाल झालाय! पुठ्ठ्याचे दोन मजले, शिडी, झोपाळा. वास गेला, शिंका थांबल्या. फटीवर कागदाच्या तीन पट्ट्या सरसाने बसवल्या, दाराखालीही एक. आता कागदसुद्धा हलत नाही, अशी ऊब आहे.

फक्त टिकली भारी वात्रट निघाली. पिंजरा खिडकीला लागून आहे, तर बया गजांतून तोंड काढून पट्टी कुरतडते आणि त्या भोकाला नाक लावून बसते. मी चिकटवते, ती फाडते. ढब्बू मात्र गुणाची. दिवसभर झोपून असते, हाक मारली तरी उठत नाही. पंजे कसे छान गुलाबी झालेत.

माझं डोकं सकाळपासून ठणकतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. गंमत म्हणजे रजिस्टरं पोचवायला बाहेर पडले की थांबतं. पिंजरा नीट धुतला गेला नसेल का गं? उद्या पुन्हा सगळा उतरवते.

तुझ्या मायेच्या जोरावरच घासते आहे.

चिमणी

१६ डिसेंबर, दुपार

चिमणे,

बाकी काही वाचू नकोस. खिडकी उघड, दार उघड, शेगडी बाहेर काढ आणि तूही बाहेर जा.

तुझं पत्र आत्ता मिळालं. दोष पिंजऱ्याचा नाही, खोलीचा आहे. जळत्या कोळशाचा विषारी वायू कोंडलाय. त्याला वास नसतो. आमच्या प्राणिघरात एकदा धुराडं तुंबलं होतं. सकाळी गेले तेव्हा सगळे उंदीर झोपल्यासारखे पडलेले, पंजे गुलाबी. ते पंजे मी विसरले नव्हते गं. पण शेगडीचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, ते वाक्य वाचून मी पुढे गेले. मला फक्त उंदीर दिसले, तू दिसली नाहीस. आणि फट बंद कर असं मीच लिहिलं. टिकली वात्रटपणा करत नाहीये, ती श्वास घेतेय.

तुझ्या खालच्या दुकानात चार वेळा फोन केला. घंटा वाजत राहते. टपालाला चार दिवस लागतील, म्हणून ही चिठ्ठी दुधाच्या गाडीवाल्याकडे देते. तो दिवेलागणीला तुझ्याकडे पोचेल. दार उघडेपर्यंत कडी वाजवत राहा, असं बजावलंय त्याला. मला गाडी उद्या पहाटेची आहे. मी येतेच.

ताई

१६ डिसेंबर, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढब्बू दुपारी गेली. झोपेतच. तिला कापडी बांधणीच्या छोट्या खोक्यात ठेवलंय. एवढी निगा राखून असं व्हावं, मन लागत नाही.

टिकलीला तरी जपायचं म्हणून पिंजरा खिडकीपासून उचलून शेगडीजवळ आणला. फटीवर आता कागद नाही, जाड कॅनव्हासची पट्टी लावली. आता फाड म्हणावं! ठेवताना तिने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला, कधी नव्हे तो. आता तीही शांत झालीय.

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. हात जड झालेत. दुकानदार गावाला गेलाय, खाली कुणी नाही, तरी मघापासून कुणीतरी कडी वाजवतंय. चुकून आलेलं कुणी असेल. जिना उतरायचा फार कंटाळा आलाय. दमून जाईल आपोआप.

जरा पडते. पत्र उद्या टाकीन.

तुझी,
चिमणी